शब्द : बोर (आपली बोरं सोडून)

एक शंका. बुडापेस्टमध्ये 'बोर' म्हणजे वाइन. मॉस्कोत 'सेरेब्र्यानी बोर' नावाचा भाग आहे, तिथे मात्र पाइनची झाडी. शब्द एकच की दोन?

– दोन. रशियन-पोलिश 'बोर' म्हणजे पाइनचं बन, अस्सल स्लाव्ह शब्द. सर्बियन-बल्गेरियनमध्ये तर ते झाडाचंच नाव. हंगेरियन 'बोर' जुन्या तुर्कीतला. चीनमधल्या तुर्फानला सापडलेल्या उइगुर (तुर्की कुळातली जुनी भाषा) कागदपत्रांत द्राक्षमळ्याला 'बोरलुक' म्हटलंय. मला गंमत वाटते ती याची, की हंगेरियनांचे स्लाव्ह आणि जर्मन शेजारी 'विनो', 'वाइन' म्हणत असताना यांनी 'बोर' सोडला नाही. द्राक्षाचा 'सोलो' हाही तुर्कीच. म्हणजे इ. स. ८९५च्या सुमारास डॅन्यूबकाठी येण्याआधीच मंडळींना वाइन ठाऊक होती! उलट खुद्द तुर्कस्तानात आज 'शराप' चालतो. तो अरबी, आपल्या सरबताचा सख्खा भाऊ.

– उझ्बेकमध्येही 'बोर' ऐकलाय. दुकानात 'नोन बोर्मी?'

– तो तिसराच. 'नान आहे का?' असा प्रश्न. कझाकमध्ये 'बार', तुर्कस्तानात 'वार', अर्थ 'आहे'. उझ्बेकमध्ये जुन्या 'आ'चा 'ओ'सारखा उच्चार होतो ('नान'चं 'नोन' झालं तसंच), म्हणून तो वाइनच्या रांगेत येऊन बसलाय. आणि कझाकमध्ये 'बोर' म्हणजे फळ्यावरचा खडू. ऐकायला सारखं म्हणून कुळ एक धरलं की फसलोच.

– हंगेरीत टिपला 'बोर्रावालो' म्हणतात ना?

– हो, शब्दशः 'वाइनसाठीचे'. आपण 'चहापाण्याला' देतो, ते वाइनला देतात.

– चेक 'बोरूव्का' म्हणजे ब्लूबेरी. मग आपलं बोर…?

– नाही हो! 'बोरूव्का' वनातल्या 'बोर'वरून, आपलं बोर संस्कृत 'बदर'वरून. नातं हवंच असेल तर हंगेरियन 'बोर्श' घ्या. त्याचा वाइनशी काही संबंध नाही, अर्थ मिरी. तातारमध्ये 'बोरिच', उझ्बेकमध्ये 'मुर्च', आणि मागे मागे गेलात की संस्कृत 'मरिच'. म्हणजे तिथल्या सूपवर भुरभुरतात ती आपलीच मिरी.