मदत हवी आहे : स्प्लेंडरचे इंजिन ऑइल कोणते घ्यावे आणि किती किलोमीटरला बदलावे?

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची हिरो स्प्लेंडर प्लस आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी गेली सहा वर्षे मी वापरतो आणि आजवर ती ५८,००० किलोमीटर चालली आहे. इंजिन अजूनही एका किकमध्ये सुरू होते, त्यामुळे ती विकण्याचा विचार मनात नाही. मात्र ऑइलच्या बाबतीत दोन मेकॅनिकांनी दोन आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेने तिसरे, अशी तीन उत्तरे मिळाल्यामुळे मी खरोखर गोंधळलो आहे.

पुस्तिकेत १०डब्ल्यू३० (ऑइलचा घट्टपणा), एपीआय एसजे (इंजिन ऑइलचा दर्जा), जासो एमए (ऑइलात बुडालेल्या दुचाकी क्लचसाठीचा दर्जा) असे ऑइल सांगितले असून ते दर ६,००० किलोमीटरला बदलावे आणि मधे ३,००० ला पातळी पाहून भर घालावी, असे म्हटले आहे. नेहमीचे मेकॅनिक २,००० किलोमीटरच्या पुढे जाऊच देत नाहीत. दुसऱ्या गॅरेजमध्ये तर "गाडी जुनी झाली, आता २०डब्ल्यू५० घाला, जाड ऑइल इंजिनाला धरून ठेवते," असा सल्ला मिळाला.

माझा वापर असा आहे. साताऱ्यात घर ते कार्यालय जेमतेम चार किलोमीटर आहे, म्हणजे इंजिन नीट तापण्याआधीच गाडी बंद होते. महिन्यातून एकदोनदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूच्या गावी जाणे होते आणि तेव्हा बहुधा मागे कोणीतरी बसलेले असते. वर्षाला सुमारे साडेचार हजार किलोमीटर होतात.

आता मूळ अडचण. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दुकानात नेहमीचे ऑइल शिल्लक नव्हते आणि विक्रेत्याने मोटारीसाठीचे ५डब्ल्यू३० पूर्ण सिंथेटिक ऑइल पुढे केले. किंमत जवळपास दुप्पट होती, तेव्हा ते चांगलेच असणार असे समजून मी घेतले. पहिले काही दिवस गाडी लोण्यासारखी चालली. तीनशे किलोमीटरच्या आसपास, घाटातल्या एका वळणावर, तिसऱ्या गियरमध्ये मी मूठ पिळली आणि इंजिनाचा आवाज चढत गेला, पण गाडी काही वेग घेईना. मागे पत्नी बसलेली होती आणि वरून एसटी उतरत होती. कशीबशी गाडी कडेला घेतली. ते ऑइल दुसऱ्याच दिवशी काढून पुस्तिकेतले ऑइल भरले, त्यानंतर क्लच बराच सुधारला, तरी दोघे बसून चढ चढताना चौथ्या गियरमध्ये तो अजून किंचित घसरतो.

त्यानंतर मी ऑइल घरीच बदलायचे ठरवले. परवा, २,८०० किलोमीटर झाल्यावर, सतरा नंबरच्या पान्याने खालचा नट सोडला आणि खूणपट्टी असलेल्या भांड्यात ऑइल अर्धा तास पूर्ण निथळू दिले. भरताना मोजून ९०० मिली घातले होते. भांड्यात आले ५६०. काळे तर होतेच, पण मला धक्का बसला तो रंगाचा नव्हे, त्या खुणेचा. उरलेले ३४० मिली गेले कुठे?

माझे प्रश्न असे आहेत. या वापराला ऑइल नेमके किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलावे? २०डब्ल्यू५० घातल्याने ऑइल कमी होणे थांबेल का? आणि त्या एका चुकीमुळे क्लच प्लेटा कायमच्या खराब झाल्या असतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण ऑइल मोजून घातले आणि मोजून काढले, हे फार चांगले केले, कारण त्यामुळे प्रश्नाचे अर्धे उत्तर आपणच दिले आहे. मी कराडला बारा वर्षे दुचाकी दुरुस्तीचे काम करतो. गॅरेजमध्ये काढलेले ऑइल थेट मोठ्या डब्यात जाते आणि ते किती निघाले हे बहुधा कोणी पाहत नाही, त्यामुळे गाडी ऑइल खाते आहे हे मालकाला इंजिन आवाज करू लागल्यावरच कळते.

हिशेब करून पाहा. २,८०० किलोमीटरला ३४० मिली, म्हणजे हजाराला सुमारे १२० मिली. थोडे ऑइल आतल्या भागांना चिकटून राहते, तेवढे सोडून दिले तरी हा आकडा मोठा आहे. मधे भर न घालता आपण पुस्तिकेच्या ६,००० किलोमीटरपर्यंत गेला असता, तर आत दोनशे मिलीसुद्धा उरले नसते आणि इंजिन जाम झाले असते. पुस्तिका चुकीची नाही. ३,००० ला भर घालण्याची जी ओळ तिच्यात आहे, ती आपण बहुतेक जण वाचतच नाही. म्हणून माझ्या मते आपल्या गाडीला बदलण्याच्या अंतराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, पातळीची काळजी घ्यायला हवी. दर ५०० किलोमीटरला गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, तीनचार मिनिटे इंजिन चालवून बंद करा, दोनतीन मिनिटे थांबा, ऑइलच्या झाकणाला जोडलेली पातळी मोजायची पट्टी पुसा आणि ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहा. आटे फिरवून पाहिल्यास पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि फसगत होते.

बदलण्याबद्दल बोलायचे तर आपला चार किलोमीटरचा प्रवास हाच सर्वांत कठीण वापर आहे. इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून आलेली वाफ आतच गार होते आणि सकाळी चोक ओढल्यावर न जळलेले थोडे पेट्रोलही ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात हे दोन्ही उडून जाते, आपल्या गाडीत ते साचत राहते. शिवाय दुचाकीत एकच ऑइल इंजिन, गियरबॉक्स आणि क्लच अशा तिन्ही ठिकाणी काम करते आणि गियरचे दाते त्यातले घट्टपणा राखणारे घटक चिरडत असतात. त्यामुळे ३,००० किलोमीटर किंवा आठ महिने, यांपैकी जे आधी होईल ते धरा. २,००० ला बदलल्याने नुकसान काही नाही, पण पैसे वाया जातात. रंगावरून मात्र ठरवू नका. ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवते म्हणून काळे होते, ते त्याचे कामच आहे. दुधाळ दिसले तर मात्र पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदला, विशेषतः पावसाळ्यात.

२०डब्ल्यू५० बद्दल. मागचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहते ते सांगतो आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतले वर्तन. आपल्या इंजिनातल्या जागा आणि पंप ३० च्या घट्टपणासाठी आखलेले आहेत. ५० घातल्यास सकाळी ऑइल वरच्या भागापर्यंत पोहोचायला उशीर लागतो, इंजिन जड चालते आणि मायलेज थोडे घटते. गळती किंवा जळणे कदाचित जरा कमी दिसेल, पण कारण तसेच राहील. ते कारण आधी शोधा. घाट उतरून पुन्हा मूठ पिळल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो का ते मागून येणाऱ्याला पाहायला सांगा. तसे असल्यास दोष वॉल्व्ह सीलचा (वॉल्व्हजवळून ऑइल आत उतरू न देणारे रबर), आणि चढावर सतत निघत असल्यास पिस्टन रिंगचा (पिस्टनभोवतीची कडी). धूरच नसेल तर ऑइल बाहेर जाते आहे. पुढच्या स्प्रॉकेटचे (इंजिनाकडून चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) झाकण काढून आत बघा.

क्लचची भीती बाळगू नका. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असेल तर त्या ऑइलात क्लच प्लेटा पकड धरतात. मोटारींच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलांत घर्षण कमी करणारे घटक असतात आणि दुचाकीच्या प्लेटा ऑइलातच बुडालेल्या असल्यामुळे त्या घसरू लागतात. जासो एमबी हा दर्जाही स्कूटरसाठीचा आहे, तो टाळा. एसजे ऐवजी एसएल किंवा एसएन मिळाले तरी चालेल, मात्र जासोची अक्षरे पाहिल्याशिवाय डबा घेऊ नका. योग्य ऑइल दोनदा बदलल्यावर पकड बहुतेक वेळा परत येते. त्याआधी क्लचच्या दांडीच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे का ते पाहा. केबल ताणलेली असेल तर नव्या प्लेटासुद्धा घसरतील. एवढे करूनही चढावर घसरत असेल तर प्लेटा बदला.

या गाडीत कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या झाकणाआड ऑइल गरगर फिरवून कचरा बाजूला काढणारी वाटी असते आणि जोडीला जाळी. ५८,००० किलोमीटरमध्ये ती वाटी कधी उघडली नसेल तर तिच्यात चिखलासारखा थर सापडेल, तेव्हा प्लेटा पाहायला झाकण उघडाल त्याच वेळी ती साफ करून घ्या. काढलेले ऑइल मात्र गटारात ओतू नका, गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. धूर अजिबात दिसला नाही. स्प्रॉकेटचे झाकण काढले तर आत बोटभर जाड काळा चिकट गाळ साचलेला होता. तो रॉकेलने पुसून काढला, दुसऱ्या दिवशी कार्यालयातून आल्यावर पाहिले, तर स्प्रॉकेटच्या दांड्याभोवती ताज्या ऑइलची ओली कडा होती. क्लचच्या दांडीला मोकळी हालचाल जवळजवळ नव्हतीच, ती आता पंधरा मिलिमीटर ठेवली आहे. त्या दांड्याभोवती ऑइल अडवणारे सील बदलण्यासाठी इंजिन खोलावे लागेल का?

प्रतिसाद

इंजिन खोलण्याची गरज नाही. चेन आणि पुढचे स्प्रॉकेट काढले की ते सील बाहेरूनच उचकटून नवे बसवता येते. बसवण्याआधी दांड्यावर सील घासून खाच पडली आहे का ते नखाने चाचपून पाहा आणि सीलच्या ओठाला थोडे ऑइल लावून ते सरळ दाबा, तिरके ठोकू नका. त्यानंतर ५०० किलोमीटरला पट्टी पाहून आकडा येथे कळवा.