आठवीच्या पोरांनी दादागिरीवर व्हिडिओ केला, २० गुण कशाला किती द्यायचे?

ढाण्यावरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. आठवीच्या पाच जणांच्या गटाने प्रकल्प म्हणून मोबाईलवर साडेचार मिनिटांचा व्हिडिओ केला. ढाण्यावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, एसटीने येणारा कोरकू मुलगा मराठी बोलताना अडखळतो. तिघं त्याची नक्कल करतात, दप्तर लपवतात, मग त्याची क्लिप व्हॉट्सॲपवर टाकतात. शेवटी हेडमास्तर एकाच्या कानाखाली वाजवतात, टाळ्या, समाप्त. अभिनय झकास, पण आवाज अर्धा ऐकू येत नाही. गुण कसे द्यावे? शूटिंगच्या वेळी एक जण कापूस वेचणीला गेला होता, त्याचं काय करावं? आणि पालकांच्या ग्रुपवर टाकावा का?

खडू_फळा
सर, आधी वाटणी ठरवा. विषयाची समज ८, पटकथा ४, कामाची प्रक्रिया ५, तांत्रिक बाजू ३. तांत्रिकला यापेक्षा जास्त दिले की ज्याच्या घरी भारी फोन, त्याच्याच गटाचे गुण वाढतात.

समज तपासायला डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञाच्या तीन खुणा धरा: त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला, आणि दोन्ही बाजूंची ताकद असमान. बरोबरीच्या दोघांची एक दिवसाची मारामारी म्हणजे नुसतं भांडण. तुमच्या पोरांनी नक्कल, दप्तर, मग क्लिप अशी चढती साखळी दाखवली. ताकदीचा फरकही भाषेतून आणि संख्येतून आला. म्हणजे ८ पैकी ५ तर झालेच.

उरलेले ३ बाकीच्या वर्गावर ठेवा. एकदा आवाज बंद करून बघा. कोण हसतंय, कोण मान खाली घालतंय, नंतर त्याच्याजवळ कोणी जाऊन बसतं का? बाकीची पोरं फ्रेममध्ये नुसती जागा भरायला बसवली असतील तर विषयाचा मोठा भाग हातून सुटला. चिडवणाऱ्याला प्रेक्षक लागतात.

शेवटची कानाखाली तशीच सोडू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. शिवाय जास्त ताकदवाल्याने कमी ताकदवाल्याला मारलं, म्हणजे जे चूक म्हणून दाखवलं तेच उपाय म्हणून आलं. पटकथेतले २ गुण राखून ठेवा आणि शेवटचा प्रसंग पुन्हा लिहायला लावा. लिहिण्याआधी प्रत्येकाला वेगळं बसवून एकच विचारा: 'दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत त्या पोराचं काय होईल?' विषय कोणाला कळला आणि कोणी फक्त संवाद पाठ केले, ते लगेच दिसतं.

रेकॉर्डिंगवाला_भाऊ
आवाजाचे गुण कापण्याआधी मूळ फाईल मागा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान होतो, चित्र धूसर दिसतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबलने घ्या.

मूळ फाईलमध्येही आवाज दबलेला असेल तर बहुतेक फोन ८-१० फुटांवर होता, वर पंखा, त्यावर टिनाचं छप्पर. पंखा बंद करा. दुसरा फोन रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा, माईकचं तोंड वर. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की ओठ आणि शब्द जुळतात. फोन आडवा धरा. खिडकी पोराच्या पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो. आणि कोरकू भाषेतले संवाद काढू नका, खाली मराठी भाषांतराची पट्टी द्या.

समुपदेशक_ताई
ग्रुपवर टाकू नका, सर. नक्कल करतानाचा प्रसंग तेवढाच कापून पुढे पाठवला की तो चिडवायचा तयार मसाला होतो, आणि चेहरा तुमच्याच विद्यार्थ्याचा असतो. पालकसभेत पडद्यावर दाखवा, फाईल शाळेतच राहू द्या. तेवढ्यासाठीही दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. गोष्ट खऱ्या प्रसंगावरून घेतली असेल तर नाव, गाव, ढाणा सगळं बदला. गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे.

दुसरं, त्या मुलाची भूमिका कोणी केली? ज्याला खरंच चिडवतात त्यालाच ती दिली असेल तर तालमीत त्याला तोच त्रास पुन्हा झाला. पुन्हा शूट करताना भूमिका बदला. तोंडी प्रश्नांत एखादं पोर स्वतःबद्दल बोलायला लागलं तर गुणांचा कागद बाजूला ठेवा. ते बोलणं वर्गासमोर नको, गुणांतही नको. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर व्हिडिओच्या शेवटच्या पाटीवर टाकायला लावा.

ढाण्यावरचा_मास्तर
ज्याला खरंच चिडवतात त्याच पोराने भूमिका केली आहे, ताई. बदलतो. आणि वेचणीवाल्याचं?

खडू_फळा
प्रक्रियेचे ५ गुण एकेकट्याला द्या, गटाला नको. त्याला पट्टी लिहायचं काम द्या. कोरकू येत असेल तर हे काम गटात तोच सगळ्यात चांगलं करेल. गैरहजेरीचे गुण कापू नका, वावरात जाणं त्याच्या हातात नव्हतं. प्रत्येकाकडून पानभर टिपण घ्या: काय ठरलं, मी काय केलं, काय बदललं. वर्णनात्मक नोंदीत 'छान प्रयत्न' लिहू नका. 'त्रासाची साखळी नेमकी दाखवली. बघणाऱ्यांची भूमिका सुटली. शेवट पुन्हा लिहिला' असं लिहा, म्हणजे पुढच्या गटालाही वाचून दाखवता येईल.