नवी ट्राय बाईक: पहिल्या ६०० किलोमीटरनंतर

प्रेषक: सुहास
प्रति: मंडळ-सायकल

नमस्कार मंडळी,

माझी नवी ट्राय बाईक (ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं या शर्यतीची सायकल) कशी आहे असं चार-पाच जणांनी वेगवेगळं विचारलं, म्हणून एकदाच सगळ्यांना लिहितो. फ्रेमच्या कंपनीचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. खालच्या अडचणी याच घडणीच्या बहुतेक महागड्या ट्राय बाईकांत येतात, तेव्हा चर्चा घडणीवरच झालेली बरी.

आधी काय काय बसवलंय ते. कार्बन फ्रेम, डिस्क ब्रेक (पुढे १६०, मागे १४० मिमी), ब्रेकच्या सगळ्या नळ्या फ्रेमच्या आतून. गिअर स्रॅम रेड एएक्सएस, पुढच्या चकत्या ५०/३७ दातांच्या, मागच्या १०-३३. पुढचं चाक ६० मिमी खोल, मागचं ८०. रिम आतून २३ मिमी आणि हुकलेस (काठाला टायर अडकवायची आतली कड नसलेली). टायर २८ मिमी, ट्यूबलेस. पेडल आणि रिकाम्या बाटल्या धरून वजन दहा किलोच्या जवळ जातं. दुकानात उचलून बघणारा निराश होतो, पण आपल्याकडच्या सपाट रस्त्यावर वजनाला फारशी किंमत नाही.

पन्नासची पुढची चकती बघून 'एवढीच?' असं बरेच जण म्हणतात. पण मागे दहा दाती आहे. ५०×१० म्हणजे जुन्या हिशेबात ५५×११. कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० धरली तर ताशी ५६ किमीच्या वर जाते. आयर्नमॅन टेक्सासला (लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, सायकल १८० किमी) हार्डी टोल रोडवर पाठीमागून वारा असला तरी एवढं पुरून उरतं.

गिअर बदलायची पद्धत एका फेरीत हाताला बसते. उजवं बटण जड, डावं हलकं, दोन्ही एकदम दाबली की पुढची चेन हलते. एक्स्टेन्शनच्या (हाताने धरायच्या, पुढे आलेल्या दांड्यांच्या) टोकांना वायरलेस ब्लिप (गिअर बदलायची बटणं) आहेत, त्यामुळे तिथून एकही वायर आत जात नाही. पण या ब्लिपची बॅटरी बदलता येत नाही, संपली की ब्लिपच नवा घ्यायचा. डिरेल्यूरच्या (चेन हलवणाऱ्या यंत्रांच्या) बॅटऱ्या मात्र पुढच्या-मागच्या सारख्याच. मागची वाटेत संपली तर पुढची काढून मागे लावा, पुढे एकच चकती धरून घरी पोचता येतं.

आता खटकलेल्या गोष्टी.

पहिली, सीटपोस्ट (सीटची दांडी) खाली सरकतो. १५० किमीत ४ मिमी सरकला. इलेक्ट्रिकल टेपची खूण केली होती म्हणून कळलं, नाहीतर 'आज पाय जड आहेत' एवढंच वाटलं असतं. छापलेल्या टॉर्कच्या वर आवळलेला नाही.

दुसरी, फ्रेममधली पाण्याची टाकी. कल्पना उत्तम, पण माल्टोडेक्स्ट्रिनचं (ताकदीसाठी घ्यायच्या कर्बोदकाचं) दाट मिश्रण भरलं की नळीच्या तोंडाशी चिकटतं, आणि टाकीचा कोपरा वाळत नाही. चौथ्या दिवशी वास.

तिसरी, पुढचा भाग. कोपराच्या पॅडची उंची वाढवायला स्पेसर आहेत, ५ आणि १० मिमीचे, पण सोबत आलेले बोल्ट दोनच लांबीचे. मधली उंची हवी असेल तर काय करायचं ते पुस्तिकेत नाही.

वेगाबद्दल एवढंच सांगतो: जुन्या बाईकवर ज्या पॉवरला ताशी ३३ जायची, त्याच पॉवरला इथे ३४ च्या आसपास जाते. यातलं फ्रेमचं किती आणि नव्या बैठकीचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

सुहास

———

प्रेषक: मोहन
विषय: उत्तर: नवी ट्राय बाईक

सुहास,

तीन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि तीन्हींवर उपाय आहे. क्रमाने सांगतो.

सीटपोस्ट. आत वेज असतो, एक उतरता तुकडा, जो बोल्ट आवळला की पोस्टवर दाबला जातो. कार्बन पेस्ट लोक फक्त पोस्टला लावतात. वेजची जी बाजू पोस्टला टेकते तिलाही लाव. उलट वेजचे घसरणारे उतार आणि बोल्टचे आटे यांना थोडं ग्रीस हवं. ते कोरडे असले की टॉर्क पाना ६ न्यूटन-मीटर दाखवतो, पण त्यातला बराचसा जोर घर्षणातच जातो आणि पोस्टवर दाब कमीच पडतो. बहुतेक वेळा सरकण्याचं कारण हेच. सगळं काढ, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, असं लावून छापलेल्या टॉर्कलाच आवळ. ५० किमीनंतर एकदा पुन्हा तपास. कारखान्यातून येताना वेजच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लागलेलं असणं सर्रास दिसतं.

पॅडचे बोल्ट. याकडे सगळ्यांनी नीट लक्ष द्या, कारण यात दात पडू शकतात. बोल्ट आखूड पडला तर दोन-तीनच आटे धरतात, आणि खड्ड्यात कोपरावर भार आला की ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. एम-५ बोल्ट असेल तर निदान ७-८ मिमी आत गेला पाहिजे. बोल्ट लांब पडला तर फसवणूक वेगळी: तो तळाला टेकतो, पाना 'टक्' करतो, तुम्हाला वाटतं आवळला, आणि पॅड मात्र सैलच. म्हणून बोल्ट लावताना फेरे मोजा. हाताने फिरवून किती फेऱ्यांत डोकं टेकलं ते बघायचं. एम-५ ला एका फेऱ्याला ०.८ मिमी, म्हणजे नऊ-दहा फेरे हवेत. आणि पॅड न लावता नुसता बोल्ट पूर्ण आत घालून तळ कुठे लागतो तेही एकदा पाहून ठेवा. मधल्या लांबीचे बोल्ट दुकानात सुटे मिळतात, स्टेनलेस घ्या. टायटॅनियमच्या नादी इथे लागू नका.

नळ्यांचं आता. ही बाईक घेणाऱ्याने सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे बैठक पक्की होईपर्यंत ब्रेकच्या नळ्या अखेरच्या मापाला कापायच्या नाहीत. दुकानदार घाईत कापून देतात, कारण मोकळी नळी बेस बारपाशी (ब्रेक असलेल्या आडव्या हँडलपाशी) फुगलेली दिसते आणि गिऱ्हाईकाला ते आवडत नाही. नंतर बार १५ मिमी वर न्यायचा झाला की नळी पुरत नाही. मग पूर्ण नवी नळी हेडसेटमधून (हँडल फिरतं त्या सांध्यातून), फ्रेममधून ओढायची आणि ब्लीड करायचं (नळीतली हवा काढायची). मागच्या ब्रेकचं हे काम अर्ध्या दिवसाचं. नळी एकदा सोडली की ऑलिव्ह आणि बार्ब (नळीच्या टोकाचे छोटे जोड) नवे घालायचे, जुने पुन्हा वापरले तर आज नाही तर उद्या पाझरतात. प्रत्येकी चार बाळगा, फार महाग नसतात.

तुझे ब्रेक स्रॅमचे, म्हणजे आत डॉट ५.१ हे ब्रेकचं द्रव. ते रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने आणि मग अल्कोहोलने पूस. शिमानोवाल्यांना मिनरल ऑइल. एकाचं दुसऱ्यात कधीही नाही, सीलं फुगतात आणि पूर्ण लिव्हर बाद होतो.

हेडसेटचं वरचं बेअरिंग विसरू नकोस. एरो बैठकीत (कोपरं पॅडवर टेकून वाकलेलं असताना) घाम थेट त्यावर गळतो. घरात ट्रेनरवर (जागेवर सायकल चालवायच्या स्टँडवर) सराव करणार असशील तर टॉवेल पुरत नाही, बारखाली प्लास्टिक बांध. बेअरिंग गेलं तर बदलायला पुन्हा तीच नळ्या सोडायची पूजा. म्हणून पहिल्याच दिवशी उघडून भरपूर मरीन ग्रीस भरलेलं बरं.

टाकीत फक्त साधं पाणी भर. मिश्रण हातांमधल्या बाटलीत ठेव, ती काढून घासता येते.

मोहनकाका

———

प्रेषक: मृणाल
विषय: उत्तर: उत्तर: नवी ट्राय बाईक

मोहनकाका, नळ्यांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडे फिटसाठी (बाईक अंगाच्या मापाला बसवायला) येणाऱ्या दर दोन बाईकांपैकी एकीची नळी आधीच कापलेली असते.

सुहास, तुझ्या शेवटच्या वाक्याला धरून लिहिते. हवेच्या विरोधाचा साधारण पाऊण भाग माणसाचा असतो, उरलेल्या पावात अख्खी सायकल. त्यामुळे फ्रेमवर इतके पैसे घालून पॅड अंदाजाने लावणं म्हणजे उलटा कारभार. २०० वॉटला ताशी ३४ जाणाऱ्याने बैठकीतून १० वॉट वाचवले तर १८० किमीत साधारण पाच मिनिटं मिळतात. पण ही बैठक पाच तास धरता आली पाहिजे. दर दहा मिनिटांनी उठून बेस बार पकडावा लागला तर कमाई तिथेच संपते.

माप घेण्याचा क्रम बदलू नका. आधी क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी, मग सीटची उंची, मग सीट पुढे-मागे, मग पॅडची उंची, मग पॅड किती पुढे, मग रुंदी, शेवटी एक्स्टेन्शनचा कोन. मधलं एक बदललं तर त्यापुढचं सगळं पुन्हा तपासायचं.

तुझ्या बाईकवर क्रँक १७२.५ मिमीचा आला असेल तर १६५ चा विचार कर. साडेसात मिमी आखूड क्रँक, म्हणून सीट साडेसात मिमी वर. मग पेडल वर आलेलं असताना गुडघा कमरेच्या मानाने १५ मिमी खाली राहतो. मांडी पोटात घुसत नाही, श्वास मोकळा होतो. बैठक खाली न्यायला जागा मिळते ती इथून. सीट पुढे ओढल्यानेही कमरेचा कोन उघडतो. ट्राय बाईकवर ७८ ते ८० अंशांचा परिणामी सीटकोन (क्रँकच्या आसापासून सीटपर्यंतच्या रेषेचा जमिनीशी कोन) नेहमीचा.

पॅडवर कोपर कुठे टेकतं ते बघ. पॅडचा मागचा काठ कोपराच्या हाडाच्या थोडा पुढे हवा, हाड पॅडवर नको. धड आणि दंड यांत साधारण काटकोन, कोपरात ९० ते ११० अंश. एक्स्टेन्शन टोकाला १० ते १५ अंश वर उचललेले असले की मनगट सरळ राहतं आणि माणूस पुढे घसरत नाही. पुढे घसरत असशील तर दोष बहुधा सीटच्या नाकाचा असतो: १-२ अंश खाली चालेल, त्याहून जास्त नको, नाहीतर सगळा भार खांद्यावर येतो.

मानेची तक्रार सुरू झाली तर पॅड लगेच वर करू नकोस. आधी पॅड १० मिमी पुढे नेऊन बघ. डोकं हातांच्या मागे 'लपतं', मान कमी वाकते, आणि हवेलाही तेच बरं. कित्येकदा १० मिमी उंच बैठक जास्त वेगवान निघते ती याच कारणाने.

अखेरचं माप ठरल्यावर कागदावर पाच आकडे लिहून ठेव: सीटची उंची, सीटचं नाक बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकच्या आसाच्या) किती मागे-पुढे, पॅडची उंची, पॅडची लांबी (दोन्ही बॉटम ब्रॅकेटपासून), पॅडची रुंदी. बाईक खोलून बॅगेत भरली की हे आकडे लागतात. तोपर्यंत एक्स्टेन्शनही कापू नकोस. कापायची वेळ येईल तेव्हा बारीक दातांचं ब्लेड, भोवती मास्किंग टेप, धूळ नाकात जाऊ द्यायची नाही.

मृणाल

———

प्रेषक: अद्वैत
विषय: उत्तर: नवी ट्राय बाईक (प्रवास आणि पंक्चर)

सर्वांना नमस्कार. मृणालताई, पाच आकडे टिपून ठेवतो. मी अशीच बाईक मागवतोय आणि ती गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला (अर्ध्या पल्ल्याच्या आयर्नमॅनला) न्यायची आहे. दोन प्रश्न. हुकलेसमध्ये वाटेत पंक्चर झालं तर काय करायचं? आणि विमानात नेण्याआधी काय काय सोडवावं लागतं?

———

प्रेषक: मोहन

अद्वैत,

आधी हवेचा आकडा पाठ कर: हुकलेस रिमला ७२.५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ही कमाल मर्यादा, टायरवर याहून जास्त छापलेलं असलं तरी. टायर 'हुकलेसला चालेल' असं कंपनीने लिहिलेलाच हवा. तुझं वजन ७० किलोच्या आसपास असेल तर २८ च्या टायरला ६० ते ६५ पुरे.

यात एक खोच आहे. सगळे हवा भरायला १६ ग्रॅमची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नळकांडी बाळगतात. ती २८ च्या टायरमध्ये पूर्ण रिकामी केली तर हवा ९० च्या वर जाते, म्हणजे मर्यादेच्या बरीच पलीकडे. १२ ग्रॅमची घे, ती साधारण ७० ला थांबते. १६ चीच असेल तर झडप असलेला इन्फ्लेटर हवा, आणि थांबून अंगठ्याने दाबून बघायचं. व्हॉल्व सीलंटमध्ये (टायरमधल्या, भोक बुजवणाऱ्या द्रवात) बुडालेला नको, गार गॅसने सीलंटच्या गुठळ्या होतात. चाक फिरवून व्हॉल्व वरच्या अर्ध्यात आण. स्पर्धा संपल्यावर तो गॅस काढून साधी हवा भर, सीओटू रबरातून लवकर निसटतो.

सीलंट प्रत्येक चाकात ४० मिली. गोव्याच्या उकाड्यात लवकर सुकतं, तेव्हा निघण्याच्या आठवडाभर आधी ताजं घाल. सोबत एक प्लग (भोकात खुपसायची पट्टी), एक टीपीयू (हलक्या प्लास्टिकची) ट्यूब, आणि रिमच्या खोलीला पुरेल एवढा व्हॉल्व. ८० मिमीच्या रिमला साध्या ट्यूबचा व्हॉल्व आतच राहतो. हे रस्त्याकडेला कळलं तर स्पर्धा तिथेच संपते. एक्स्टेन्डर घरीच लावून तपास. ट्यूब टाकण्याआधी टायरमधली काच किंवा खिळा बोटाने चाचपून काढायचा, घाईत हेच राहतं.

विमानाचं. बहुतेक कंपन्यांची नेहमीची मर्यादा २३ किलो, सायकलचे नियम प्रत्येकीचे वेगळे, तिकीट काढायच्या आधी वाच. चाकं काढली की कॅलिपरमध्ये (ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागात) प्लास्टिकचे ठोकळे घाल. नाहीतर सामान हलताना लिव्हर दाबला जातो, पिस्टन बाहेर येतात आणि तिकडे चाक आतच जात नाही. रोटर (ब्रेकच्या चकत्या) सोडून वेगळे गुंडाळ, वाकलेला रोटर ही प्रवासातली सगळ्यात नेहमीची मोडतोड. मागचं डिरेल्यूर सोडून फ्रेमच्या आत बांध. डिरेल्यूरच्या बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत घे. तिथेच ठेवल्या तर हलण्याने डिरेल्यूर जागं राहतं आणि बॅटरी उतरते. सीओटू नळकांडी नेऊ नकोस, तिकडे घे. बार काढताना नळ्या न सोडता जेवढा वळतो तेवढाच वळव. म्हणून मागवताना विक्रेत्याला हेच विचार: 'ब्रेकची नळी न सोडता बार बॅगेत बसतो का?' उत्तर 'नाही' आलं तर दुसरी फ्रेम बघ.

सोबत डिरेल्यूर हँगर (डिरेल्यूर फ्रेमला जोडणारा तुकडा), सीटपोस्टचा वेज आणि पॅडचे बोल्ट, प्रत्येकी एक जादा. ही तीन पणजीत ऐनवेळी मिळतील असं धरून चालू नकोस.

मीरामारला, स्पर्धेच्या जागी, किनाऱ्यावरचा खारा वारा आहे. स्पर्धेनंतर गोड्या पाण्याने बोल्टची डोकी आणि पेडल धू, जोरात फवारा मारू नकोस. चेन पुसून मगच बॅगेत.

मोहनकाका

———

प्रेषक: सुहास

काका, वेज उघडला. दोन्ही बाजूंना ग्रीसच होतं. सांगितलंत तसं लावलं, १२० किमी झाले, टेपची खूण जागेवर आहे. पॅडच्या बोल्टचे फेरे मोजले, डावीकडे चारच भरले. ३५ मिमीचे बोल्ट आणून बसवले, आता दहा भरतात. मृणाल, क्रँक १७२.५ चाच आहे. १६५ चा मागवतो, आणि तो येईपर्यंत नळ्यांना हात लावू देत नाही.

सुहास