मदत हवी आहे: नव्या साइटवर मराठीची सगळी प्रश्नचिन्हं झाली (चवथीच्या आत हवंय!)

भोवरा_फिरतो:

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं लेथवर लाकूड कातणाऱ्यांचं छोटंसं मंडळ आहे. निम्मे मेस्त (सुतार), निम्मे माझ्यासारखे बँक-शाळा सांभाळून रविवारी भुशात लोळणारे. चार वर्षं आमची वर्डप्रेसवर एक साइट होती, फुकटच्या होस्टिंगवर, हातभर लांबीच्या पत्त्यासकट. यंदा वर्गणी काढून स्वतःचं डोमेन आणि होस्टिंग घेतलं. भाचा म्हणाला, मावशी, अर्ध्या तासाचं काम. लागले तीन दिवस, आणि आता हे असं:

१. मराठीतला सगळा मजकूर गेला. मेस्तकाकांच्या 'शिवण, फणस आणि पावसाळा' या लाकडांवरच्या लेखाचं शीर्षक आता '????, ??? ??? ???????' असं दिसतं. आत दोन पानं तेच. इंग्रजीतले सुरक्षेचे नियम मात्र जसेच्या तसे.

२. मुखपृष्ठ उघडतं, पण आतल्या कुठल्याही पानावर गेलं की 'पान सापडलं नाही'.

३. बाजूच्या पट्टीतला कार्यशाळांचा तक्ता आणि वरचा फोटोंचा सरकता पट्टा गायब. फोटो फोल्डरात आहेत, मी बघितले.

जुनं होस्टिंग भाच्याने 'आता काय उपयोग' म्हणून बंद केलं. चवथीला सगळ्यांच्या घरी देण्यासाठी भोवऱ्यांच्या डब्या केल्यात, त्यावरच्या कार्डांवर नव्या साइटचा क्यूआर कोड छापून झालाय. नऊ दिवस उरलेत. काका रोज विचारतात, 'माझं लिखाण आलं गो?' मी म्हणते, येतंय. काय करू?

पाणंद:

फॉन्टचा घोळ असेल. जुने लेख श्रीलिपीत (युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात) टाइप केलेले होते का? आमच्या गावच्या स्मरणिकेचं तसंच झालं होतं.

भोवरा_फिरतो:

नाही हो, सगळं युनिकोड. काका बोलतात, मी फोनवर टाइप करते.

डबा_ऐसपैस:

श्रीलिपीचं असतं तर निरर्थक रोमन अक्षरं दिसली असती, प्रश्नचिन्हं नाही. ताई, तुम्ही शीर्षक जसंच्या तसं दिलंत हे फार बरं केलंत. मोजून बघा: 'शिवण' म्हणजे श, वेलांटी, व, ण. चार. तुमच्याकडेही चारच प्रश्नचिन्हं. पुढे फणस तीन, आणि तीन, पावसाळा सात. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा शाबूत.

देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइटचं असतं. नुसतं चुकीच्या पद्धतीने वाचलं जात असतं तर एका अक्षराच्या जागी दोन-तीन विचित्र युरोपी अक्षरं दिसली असती आणि ते उलटवून मूळ मजकूर परत मिळाला असता. इथे अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे कुणीतरी ही अक्षरं 'माझ्याकडे नाहीत' म्हणून टाकून दिली आणि जागी '?' लिहिलं. त्या फाइलमधून आता काही परत येणार नाही.

घाबरू नका, ती फाइल मूळ होती का हाच प्रश्न आहे. भाच्याला दोन गोष्टी विचारा. डेटाबेसची एसक्यूएल फाइल (साइटचा सगळा मजकूर हिच्यातच असतो) चढवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडली होती का? आणि उतरवताना ती नुसती फाइल होती की झिप केलेली?

उकडा_तांदूळ:

विषयांतराबद्दल माफी, पण फणसाचं लाकूड कातलं की महिन्याभरात वाडगा तडकतो. काकांच्या लेखात त्यावर काही होतं का?

भोवरा_फिरतो:

@उकडा_तांदूळ, सगळा लेख त्यावरच होता! आठवतं तेवढं सांगते. ओलं लाकूड एका बैठकीत पुरं करायचं नाही. आधी जाडच ठेवायचं, भिंत व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १० इंची वाडग्याला एक इंच. आडव्या कापाच्या टोकांना मेण फासायचं, कारण पाणी तिथूनच भसाभस निघतं आणि चीर तिथेच पडते. मग कागदी पिशवीत, कातताना निघालेल्या चिलप्यांसकट ठेवून दर आठवड्याला वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर. काका म्हणतात, आपल्याकडे आषाढात वजन उतरायचं सोडून चढतं, तेव्हा नुसतं बसून राहायचं.

@डबा_ऐसपैस, भाचा कोपऱ्यात बसलाय, तोंड पाडून. तर झालं असं. फाइलमध्ये सगळीकडे जुना पत्ता होता. तो बदलायला त्याने नोटपॅडमध्ये 'शोधा आणि बदला' केलं. चढवताना पहिल्याच ओळीवर एरर आला. कुठल्याशा व्हिडिओत म्हटलं होतं, सेव्ह करताना एन्कोडिंग 'एएनएसआय' निवडा. त्याने निवडलं, एरर गेला. सेव्ह करताना काहीतरी इशारा आला होता, 'मी ओके केलं' म्हणतो.

डबा_ऐसपैस:

एएनएसआय ही जुनी पद्धत, तिच्यात देवनागरी अक्षरं मावतच नाहीत. तोच तो इशारा: 'या फाइलमधली युनिकोड अक्षरं नष्ट होतील'. जगातला सगळ्यात प्रामाणिक इशारा, कुणी वाचत नाही.

पहिला एरर बीओएमचा असणार. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना फाइलच्या डोक्यावर तीन अदृश्य बाइट चिकटवतं आणि डेटाबेसला ते पहिल्या ओळीत टोचतात. त्यावर उपाय 'बीओएमशिवाय यूटीएफ-८' हा होता. व्हिडिओवाल्याने काटा काढायला पाय कापायला सांगितलं.

तुमचा तिसरा प्रश्नही त्याच नोटपॅडची करणी. वर्डप्रेस विजेट (बाजूच्या पट्टीतले चौकोन), थीमच्या सेटिंग वगैरे गोष्टी डेटाबेसात बांधलेल्या पुडीसारख्या ठेवतं, आणि पुडीवर आतला ऐवज किती बाइटचा ते लिहिलेलं असतं. समजा लिहिलंय ३८. भाच्याने आतला लांब पत्ता काढून आखूड घातला, ऐवज झाला २१, पुडीवर आकडा मात्र ३८ च. वर्डप्रेस उघडायला जातं, हिशेब जुळत नाही, पुडीच फेकून देतं. मराठी शीर्षकांचंही तेच, तीन बाइटच्या जागी एक आला.

झिपचं उत्तर राहिलं.

भोवरा_फिरतो:

लाइट गेली होती, म्हणून उशीर. डाउनलोड फोल्डरात त्याच नावाची, शेवटी 'जीझेड' असलेली फाइल सापडली! त्याने ती उलगडून आतली बदलली, मूळ पुडकं तसंच पडून होतं.

डबा_ऐसपैस:

मग काकांना सांगा, आलं. आता ते पुडकं उघडू नका, आधी एका पेनड्राइव्हवर प्रत करा. त्यानंतर:

नव्या साइटवर आल्यापासून काही लिहिलं असेल तर ते बाजूला उतरवून घ्या. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये नवा, रिकामा डेटाबेस करा, कोलेशन (अक्षरं कशी साठवायची-लावायची त्याचं सेटिंग) 'यूटीएफ८एमबी४' वालं निवडा. पीएचपीमायअ‍ॅडमिन हे पॅनेलमधलं डेटाबेसचं साधन जीझेड फाइल थेट घेतं, उलगडायची गरजच नव्हती. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये या नव्या डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड घाला. मग 'ऑप्शन्स' टेबलातल्या 'साइटयूआरएल' आणि 'होम' या दोनच ओळींत हाताने नवा पत्ता, एचटीटीपीएससकट. एवढ्याने लॉगिन होता येईल.

बाकीचे जुने पत्ते 'बेटर सर्च रिप्लेस' प्लगइनने बदला. ते पुडी सोडून, बदलून, नवा आकडा टाकून परत बांधतं. आधी 'ड्राय रन'ची खूण ठेवून चालवा, किती जागी बदल होणार ते कळेल.

दुसरा प्रश्न सगळ्यात सोपा. सेटिंग, परमालिंक (पानांचे पत्ते), काहीही न बदलता 'सेव्ह'. ठिपक्याने सुरू होणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल (आतल्या पानांची वाट तीच दाखवते) बहुतेक कॉपी करताना लपून मागे राहिली, ती नव्याने तयार होईल.

तिसरी_घंटा:

हात घातलाच आहे तर लेखांचे पत्तेही बघा. देवनागरी शीर्षकाचा आपोआप झालेला पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टक्क्यांच्या खुणांची माळ होऊन जातो. एका अक्षराची टक्क्यांसकट ९ रोमन चिन्हं होतात (काना-मात्रा वेगळी धरून), आणि वर्डप्रेस २०० वर कापतं. २२ अक्षरांत खेळ खलास. प्रत्येक लेखाला रोमन अक्षरांत दोन शब्दांचा पत्ता द्या.

आणि सेटिंगमध्ये 'शोधयंत्रांना दूर ठेवा' अशा अर्थाची खूण राहिली नाहीये ना, तेही बघा. साइट बांधताना लावतात आणि विसरतात.

भोवरा_फिरतो:

काल रात्री साडेअकराला झालं. ड्राय रनमध्ये ४१२ जागा आल्या, खऱ्या फेरीतही तेवढ्याच. तक्ता आला, सरकता पट्टा आला, आतली पानं उघडतात. शोधयंत्रांची खूण होतीच, काढली. पत्ते बदलायचं काम भाच्याला दिलंय, २७ लेख, शिक्षा म्हणून.

सकाळी काकांना फोनवर लेख दाखवला. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांच्या लाखकामावरचाही आला, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणानेच ती कशी वितळून बसते आणि वरून केवड्याचं पान कसं फिरवतात, तो. काकांनी चष्मा वर करून दोन्ही वाचले आणि म्हणाले, 'हांगा मेण फासपाचें आदीं म्हणून बरय, तुवें मागीर बरयलां.' (इथे मेण आधी फासायचं असं लिही, तू नंतर लिहिलंयस.) मूळ फाइलमध्येही तसंच आहे. म्हणजे चार वर्षं ती चूक माझीच होती. दुरुस्त केली.

@डबा_ऐसपैस, देव बरें करूं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, भोवऱ्याची एक डबी पाठवते. चौकशीच्या फॉर्मची मेल अजून येत नाहीये, पण त्यासाठी चवथीनंतर वेगळा धागा काढीन.