‘स्प्लिट फंक्शन’: टक्के किडनीचे की कामाचे?

निपाणी : आईच्या रिनोग्रामच्या (किडन्या कसं काम करतात ते बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टात ‘स्प्लिट फंक्शन : डावी 38 टक्के, उजवी 62 टक्के’ असं आलंय. घरात सगळे धास्तावलेत, डावी किडनी 62 टक्के गेली म्हणून. असाच अर्थ होतो का? आणि ‘स्प्लिट’ला मराठीत काय म्हणायचं?

बेळगाव : नाही, ताई, तसा अर्थ होत नाही. हे 38 म्हणजे 100 पैकी मार्क नव्हेत. दोन्ही किडन्या मिळून जेवढं काम करतात ते 100 धरतात आणि त्यात कुणाचा वाटा किती, ते लिहितात. भावाभावांत शेत वाटल्यावर कुणाला किती हिस्सा आला ते कळतं, पण मुळात शेत किती एकर होतं ते त्यातून कळत नाही, तसंच हे. 45 ते 55 च्या दरम्यानचा वाटा साधारण समसमान मानतात. म्हणजे डावी मागे पडलीय हे खरं. पण दोन्ही किडन्या सारख्याच थकलेल्या माणसाचाही रिपोर्ट 50-50 येतो! म्हणून एकट्या टक्क्यांवरून घाबरूही नये, निर्धास्तही राहू नये. एकूण काम किती चाललंय ते जीएफआर (किडन्या मिनिटाला किती गाळतात तो आकडा) आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (किडनीनं बाहेर टाकायच्या टाकाऊ पदार्थावरून) बघायचं. ‘विभाजित कार्य’ हा शब्द पेशंटच्या काही कामाचा नाही. सरळ ‘कामाचा वाटा’ म्हणावं.

खानापूर : आमच्याकडे सोनोग्राफीला सर्रास ‘स्कॅनिंग’ म्हणतात, कन्नड बोलणारेही तेच म्हणतात. मिरजेला गेल्यावर ‘स्कॅनिंग झालंय’ म्हटलं की समोरचा सीटी समजतो. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, सीटीत क्ष-किरण. तिकडे जाताना नाव नीट सांगा, नाहीतर फाइलच पुढे करा.

निपाणी : सोनोग्राफीही झालीय. त्यात ‘माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ आहे. किडनीला सूज आहे असं सांगितलं.

बेळगाव : ‘सूज’ सगळेच म्हणतात, पण मला तो शब्द खटकतो. सूज म्हटलं की माणसाला जंतुसंसर्ग आठवतो, नाहीतर पायावरची सूज. इथं लघवी पुढं सरकायला अडथळा आला की ती मागे साठते आणि किडनीच्या आतली पोकळी फुगते. ‘लघवी तुंबलीय’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : कशानं तुंबलीय? मुतखड्यानं, की नळी अरुंद आहे म्हणून? खडा शोधायला डाय (शिरेतून द्यायचं, फोटो उठून दिसायचं औषध) न देता केलेला सीटी सगळ्यात भरवशाचा. कधीकधी अडथळा नसतानाही पोकळी फुगलेली दिसते. खरंच अडलंय का, हे डीटीपीए नावाचं औषध वापरून केलेल्या रिनोग्राममध्ये लघवी सुटायचं इंजेक्शन देऊन बघतात. त्या औषधाला जोडून शिरेतून दिलेलं टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य किडनीतून किती वेळात बाहेर पडतं, त्याचा आलेख गॅमा कॅमेऱ्यावर निघतो. डीएमएसए वेगळा : ते औषध किडनीच्या बाहेरच्या थरात धरून राहतं, म्हणून जुने व्रण त्यात दिसतात. आईंचा रिपोर्ट यातला कुठला?

निपाणी : डीटीपीए. आलेखाखाली ‘डिलेड ड्रेनेज, लेफ्ट’ लिहिलंय.

बेळगाव : म्हणजे डावीकडून लघवी उतरायला वेळ लागतोय. डॉक्टरांना टक्क्यांच्या आधी हेच विचारा, आणि सोनोग्राफीचा कागद बरोबर न्या.