मोबाईलवर मिक्सर शोधला, जाहिरात टीव्हीवर कशी?

सांगलीकर: परवा आईसाठी मोबाईलवर मिक्सर शोधला. रात्री स्मार्ट टीव्हीवर यूट्यूब लावलं तर त्याच मिक्सरची जाहिरात! आई घाबरली, "टीव्ही आपलं बोलणं ऐकतो का रे?" तिला काय सांगू?

जुना_जाहिरातवाला: ऐकायची गरजच पडत नाही. दोन्हीकडे तुमचंच गूगल खातं असणार. शिवाय घरचं वायफाय एक, म्हणजे आयपी पत्ताही (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) बहुधा एकच. त्यावरून मोबाईल आणि टीव्ही एकाच घरातले हे कळतं. वेबसाइटवर तर पान उघडता उघडता, पापणी लवायच्या आत, जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. केबलचं गणित वेगळं. तिथे वेळ १० सेकंदांच्या भावाने विकतात आणि एकच जाहिरात सगळ्यांना दिसते. कोण काय बघतं ते बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था निवडक घरांत मीटर लावून मोजते. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण असते, ती मीटर टिपतो. मला आजही याचं नवल वाटतं.

पुणे३०: गूगलच्या 'माय अ‍ॅड सेंटर'मध्ये वैयक्तिक जाहिराती बंद करा. अँड्रॉइडच्या सेटिंगमधून जाहिरात आयडीही (जाहिरातींसाठी फोन ओळखायचा क्रमांक) काढून टाका. जाहिराती थांबणार नाहीत, पण पाठलाग कमी होईल.

सांगलीकर: दोन्ही केलं. आईला खुणेचं सांगितलं, तर म्हणाली, "आपल्याकडे नाही ना तो मीटर?" नाही म्हटल्यावर निवांत झोपली. मनापासून आभार.