लायब्ररीत ग्रेप मारणं म्हणजे आळस? मला अजिबात पटलेलं नाही

रात्रपाळी
काल एका ज्येष्ठ डेव्हलपरची पोस्ट ग्रुपवर फिरत होती. म्हणणं असं, की साइट-पॅकेजेसमध्ये (पायथनसाठी बसवलेल्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररींचं फोल्डर) ग्रेप (फाइलींत मजकूर शोधणारी कमांड) मारत बसणारी पोरं आळशी. डॉक्युमेंटेशन वाचावं, नाहीतर एडिटरमधून डेफिनिशनवर जावं, दुसऱ्याच्या लायब्ररीच्या पोटात शिरू नये. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

गेल्या वर्षी रात्री दोन वाजता आमच्या सर्व्हरचा लॉग एकाच ओळीने भरत होता: 'कनेक्शन पूल इज फुल, डिस्कार्डिंग कनेक्शन'. मॅनेजर फोनवर, ऑर्डरी गळतायत का म्हणून विचारतोय. त्या सर्व्हरवर एडिटर नाही, बाहेरचं इंटरनेट नाही. साइट-पॅकेजेसमध्ये गेले, ग्रेपला मायनस आर (आतली सगळी फोल्डरं) आणि मायनस एन (ओळ क्रमांक) लावून 'पूल इज फुल' एवढंच शोधलं. पूर्ण ओळ मुद्दाम टाकली नाही, कारण पुढचं होस्टचं नाव कोडमध्ये नसतंच, तिथे नुसती जागा धरणारा पर्सेंट एस असतो. यूआरएललिब३ या नेटवर्क लायब्ररीची कनेक्शनपूल फाइल ओळ क्रमांकासकट समोर आली. आजूबाजूच्या वीसेक ओळी वाचल्यावर कळलं: वापरून झालेलं कनेक्शन परत ठेवायला पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यात) जागा नाही, म्हणून ते टाकून दिलं जातंय. रिक्वेस्टला धक्का नाही. मग तिच्यावर चालणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीच्या अडॅप्टर्स फाइलमध्ये डिफॉल्ट पूलसाइज सापडला, १०. आमचे थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) ४०. आमच्या कोडमधून आकडा वाढवला, लॉग थांबला.

यात आळस कुठे आहे ते मला कुणीतरी सांगा.

जुनाखांब
ताई, तुमचं निभावलं, छान झालं. माझ्याकडचं ऐका. आमच्या टीममधल्या मुलाने अगदी हाच शोध मारला. दोन फाइली आल्या. त्याने पहिली उघडली, त्यात प्रिंट टाकला आणि चार तास वाट बघत बसला. काही छापलं जाईना. ती प्रत पिपच्या (पायथनच्या लायब्ररी बसवणारं साधन) 'अंडरस्कोर व्हेंडर' फोल्डरातली होती, पिप स्वतःपुरती ठेवतं ती. ग्रेप ओळ दाखवतो, चालणारी प्रत कुठली ते सांगत नाही. वर तो प्रिंट तसाच राहिला. मला त्या पोस्टमधलं बरंचसं पटतं ते यासाठी.

रात्रपाळी
ते चार तास ग्रेपने खाल्ले नाहीत, दादा. मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याची डंडर-फाइल (ते कुठल्या फाइलीतून आलं ती नोंद) छापायची, चालू प्रतीचा पत्ता मिळतो. दहा सेकंदांचं काम. बसवलेल्या फाइलला हात लावू नये, हे मात्र शंभर टक्के मान्य. मी वाचण्याबद्दल बोलतेय.

वेगवान
दोघंही अजून १९७३ च्या हत्यारावर? रिपग्रेप, ग्रेपचा वेगवान पर्याय, २०१६ पासून आहे. वेग बघा, मग बोला.

सांगलीची_हळद
रिपग्रेपचं नाव काढू नका. डिसेंबर २०२१, जावाच्या लॉग४जे लायब्ररीत सापडलेल्या सुरक्षेच्या भगदाडाचा गोंधळ. 'जेएनडीआयलुकअप' हा त्या भगदाडामागचा क्लास कुठल्या सर्व्हरवर आहे ते रातोरात शोधायचं होतं. रिपग्रेप मारलं, शून्य. मी वर कळवून टाकलं की आपण सुरक्षित आहोत. सकाळी सहकाऱ्याने साधा ग्रेप मारला, 'बायनरी फाइल मॅचेस' म्हणत तीन जार (जावा कोडची गाठोडी) बाहेर आले. त्या सकाळी मला काय वाटलं ते मीच जाणते. न बघितलेलं 'नाही' म्हणून सांगणारं हत्यार मला नको.

वेगवान
बायनरी फाइल वगळतो हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय. तीनदा यू (वगळणं कमी करणारा पर्याय) लावला असता तर दिसलं असतं. आणि वॉर फाइलच्या (जावा वेब-अॅपचं मोठं गाठोडं) आत दाबून भरलेला जार तुमच्या ग्रेपलाही दिसत नाही. न वाचता वापरायचं आणि हत्याराला शिव्या घालायच्या?

सांगलीची_हळद
रात्री अकराला पन्नास सर्व्हर उघडे पडलेत आणि मी मॅन्युअल वाचायचं? भाषा सांभाळून. वॉर फाइली आम्ही उलगडूनच बघितल्या, तेवढा तुमचा मुद्दा खरा. बाकी एकही नाही.

व्हेन्व्हवाला
हळदताईंच्या बाजूने एक भर. पायथन ३.१३ पासून व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन फोल्डर) तयार होतानाच आत एक डॉट गिटइग्नोर पडतं, त्यात नुसतं तारांकन, म्हणजे सगळंच वगळा, आणि रिपग्रेप ते पाळतं. गिटमधल्या प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून रिपग्रेप मारलं, तर बसवलेल्या लायब्ररीतलं अक्षरही दिसत नाही, आणि इशाराही मिळत नाही. पीएनपीएमवाल्यांचं (जावास्क्रिप्ट पॅकेज बसवणारं साधन) आणखी अवघड: खऱ्या फाइली डॉट पीएनपीएम या लपलेल्या फोल्डरात. तिथे एक यू पुरत नाही, दोन लागतात.

वेगवान
बरं. लायब्ररीत शोधताना दोन यू लावा, हे मीही आधी सांगायला हवं होतं. वेगाबद्दल माझं मत तेच आहे.

रात्रपाळी
भांडण हत्यारावर गेलं, मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. जुनाखांब, २०२४ मधलं एक्सझेड (कॉम्प्रेशनचं साधन) प्रकरण आठवा. मागचं दार उघडणारी एम४ फाइल (बिल्डच्या वेळी चालणारी) गिट रिपॉझिटरीत नव्हती, रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपाच्या गठ्ठ्यात) होती. २०१८ च्या इव्हेंट-स्ट्रीम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या प्रकरणातही तेच: घातक कोड एनपीएमवरच्या (जिथून ही पॅकेजं उतरवतात) मिनिफाइड, म्हणजे आवळून लिहिलेल्या, फाइलमध्ये, गिटहबवरचा सोर्स स्वच्छ. डॉक्युमेंटेशन आणि गिटहब वाचून तुम्हाला लेखकाने काय लिहिलं ते कळतं. आपल्या मशीनवर काय येऊन पडलंय ते मशीनवरच बघावं लागतं.

जुनाखांब
इव्हेंट-स्ट्रीमचा तो कोड एन्क्रिप्ट केलेला होता, ग्रेपने शब्द शोधून हाती लागला नसता. पण बसवलेली फाइल उघडून बघायला हवी, एवढं मान्य करतो.

आणि आताच आमच्या बिल्ड मशीनवर ती डंडर-फाइल छापून बघितली. यूआरएललिब३ व्हेन्व्हमधून येतच नाहीये, सिस्टिमच्या पायथनमधून येतंय. किती दिवसांपासून, देव जाणे. सोमवारी आधी हे निस्तरतो, मग त्या मुलाशी बोलतो.